बाळ घरी येण्याआधी मांजराची तयारी: काय करायचं, कधी आणि कोणत्या क्रमाने

बाळ येणार म्हटल्यावर घरात पाळणा येतो, दुपटी येतात, औषधांचा कप्पा लागतो. मांजराचा विचार मात्र बहुतेक घरांत बाळ घरी आल्यावरच सुरू होतो. त्या एका दिवसात मांजराचं सगळं बदललेलं असतं. झोपायच्या खोलीचं दार बंद, लिटर बॉक्स (त्याचा शी-शूचा वाळूचा डबा) भलत्याच कोपऱ्यात, जेवण दोन तास उशिरा, बसायला मांडी नाही, आणि घरभर नवा वास नि नवा आवाज. चार-आठ दिवसांत ते धुऊन ठेवलेल्या दुपट्यांवर लघवी करतं. घरातले म्हणतात, बाळाचा राग करतंय. मग कोणीतरी सुचवतं, देऊन टाका कोणाला तरी.

हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण यातलं जवळजवळ सगळं टाळता येतं. मांजर बाळावर रागावलेलं नसतं. जागा, वेळ आणि वास या तीन गोष्टींच्या आधाराने ते जगतं. तिन्ही एकदम हलल्या की घाबरतं, आणि घाबरलं की आपला वास सोडून जागा पुन्हा आपलीशी करायला बघतं. म्हणून नियम एकच: बाळामुळे जे बदलणार आहे ते बाळ येण्याआधी बदला, एका वेळी एकच बदला, आणि ते अंगवळणी पडेपर्यंत पुढच्या बदलाला हात घालू नका. बाळ येईल त्या दिवशी घरात नवं असं फक्त बाळच असावं.

चौथ्या-पाचव्या महिन्यात सुरुवात केली की सगळं सावकाश होतं. उशीर झाला असेल तर टप्पा ७ नंतर त्याबद्दल लिहिलं आहे.

## टप्पा १: आधी पशुवैद्य, मग बाकीचं

वागणुकीकडे वळण्याआधी शरीर तपासून घ्या. वय झालेल्या मांजराचे सांधे दुखत असतील किंवा हिरड्या सुजल्या असतील, तर ते नुसत्या स्पर्शानेही फिस्कारतं, आणि पुढे त्याचं खापर बाळावर फुटतं. याच भेटीत लसी (रेबीजची धरून), जंतांचं औषध आणि पिसवांचा बंदोबस्त उरकून घ्या. नसबंदी झाली नसेल तर तीही आत्ताच. जखम भरून यायला १० ते १४ दिवस जातात, त्यामुळे हे काम शेवटच्या महिन्यावर ढकललं की सगळा क्रम कोलमडतो.

नखं कापायला शिकून घ्या. पंजाची गादी हलकेच दाबली की नख बाहेर येतं. आत गुलाबी दिसते ती रक्तवाहिनी. तिच्या बरंच अलीकडे, फक्त अणकुचीदार टोक कापायचं. एका बैठकीत चारही पंजे व्हायलाच हवेत असं नाही. एक पंजा, एक खाऊ, आणि सोडून द्या. दर दोन-तीन आठवड्यांनी एवढं केलं की पुरतं. नखंच काढून टाकायची शस्त्रक्रिया मात्र कोणी सुचवली तरी करू नका. तीत प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड कापून काढतात. त्याचं दुखणं मागे राहू शकतं, आणि ओरबाडता येत नाही म्हणून मांजर चावायला लागू शकतं.

सावधान: कुत्र्यांसाठीचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या अनेकांत पर्मेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

## टप्पा २: गरोदरपणात लिटर बॉक्स कोणी साफ करायचा

सर्वांत जास्त भीती आणि सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भीती असते टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची. गरोदरपणात याची पहिल्यांदाच लागण झाली तर ती गर्भापर्यंत पोचू शकते, तेव्हा काळजी खरीच घ्यायला हवी. पण लागण कशी होते हे कळलं की काळजी नेमकी कुठे घ्यायची ते कळतं. मांजराला याची पहिल्यांदा लागण होते तेव्हा साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून परजीवी बाहेर पडतो. विष्ठेतला हा परजीवी लगेच लागण करू शकत नाही. त्याला त्यासाठी १ ते ५ दिवस लागतात. म्हणजे विष्ठा रोजच्या रोज काढली की धोका तिथेच बराचसा संपतो. दोन दिवसांनी एकदा साफ करायची सवय असेल तर ती आजच मोडा.

१. गरोदर बाईने लिटर बॉक्स साफ करू नये. घरातल्या दुसऱ्या कोणीतरी रोज करावा.
२. दुसरं कोणी नसेलच तर हातमोजे घालून रोज करावा आणि नंतर साबणाने हात स्वच्छ धुवावेत.
३. मांजराला कच्चं मांस देऊ नये आणि बाहेर शिकारीला सोडू नये.
४. या काळात नवं पिल्लू किंवा भटकं मांजर घरात घेऊ नये.

मांजराच्या अंगावरून हात फिरवल्याने हा आजार सहसा होत नाही. माणसाला तो अर्धकच्च्या मांसातून, न धुतलेल्या भाज्यांतून, बागेतली माती हाताळल्यानेही होतो. तेव्हा मांजर घराबाहेर काढून भाजी नीट न धुणं, यात काहीच साधत नाही. तुम्हाला रक्ततपासणीची गरज आहे का, ते तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील. घरात मांजर आहे हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगा.

## टप्पा ३: मांजराच्या जागा पक्क्या करा

लिटर बॉक्स हलवायचा असेल तर तो आत्ता हलवा. उचलून थेट दुसऱ्या खोलीत नेऊ नका. नव्या जागी दुसरा बॉक्स ठेवा, जुनाही राहू द्या. मांजर नवा नियमित वापरायला लागलं की मगच जुना उचला. घरात जितकी मांजरं त्याहून एक जास्त बॉक्स, हे प्रमाण पाळलं तर उत्तम. बॉक्सची लांबी मांजराच्या लांबीच्या दीडपट हवी. बाजारात मिळणारे बरेच बॉक्स याहून लहान असतात, आणि कडेला पडलेली घाण पाहून आपण मांजराला बोल लावतो.

जागा निवडताना आठ महिन्यांनंतरचं चित्र डोळ्यांपुढे आणा. बाळ रांगत असेल. त्याला पोचता येणार नाही, पण मांजराला कधीही जाता येईल अशी जागा आज निवडली, तर पुढे पुन्हा हलवावं लागणार नाही. वॉशिंग मशीनच्या शेजारची जागा टाळा. बाळाच्या कपड्यांमुळे ते मशीन आता दिवसातून दोनदा चालणार आहे.

दुसरी गरज उंचीची. निदान एक तरी फळी, कपाटाचा माथा किंवा मांजरांचं झाड असं हवं, जिथून खोली दिसते पण कोणाचा हात पोचत नाही. मांजर तिथे बसलं की त्याला कोणीही उचलायचं नाही, हा घरातल्या सगळ्यांसाठी नियम. घाबरलेल्या मांजराला निघून जायला वाट असली की ते सहसा पंजा मारत नाही.

तपासून पाहा: नव्या जागचा बॉक्स सलग दोन आठवडे बिनचूक वापरला गेला का? नसेल तर टप्पा ४ सुरू करू नका.

## टप्पा ४: पाळणा आणि झोपायची खोली

मांजर बाळाचा श्वास शोषून घेतं ही समजूत खोटी आहे. खरा धोका साधा आहे. मांजराला ऊब आवडते, झोपलेलं बाळ उबदार असतं, आणि नवजात बाळाला तोंडाजवळ आलेली कोणतीही गोष्ट बाजूला सारता येत नाही, मानही नीट वळवता येत नाही. म्हणून बाळ झोपलेलं असताना मांजर त्याच्याजवळ नको. याला अपवाद नाही, मांजर कितीही गरीब असलं तरी.

पाळणा सहा-आठ आठवडे आधी मांडा. मांजराला तो सगळीकडून हुंगू द्या, खालून-वरून बघू द्या. आत मात्र झोपू देऊ नका. "अजून बाळ कुठे आलंय, झोपू दे बिचारीला" ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. दोन महिने मऊ गादीवर झोपलेल्या मांजराच्या लेखी तो पाळणा त्याचाच होतो, आणि मग बाळ आल्यावर त्याला तिथून हाकलावं लागतं.

सवय लागू नये म्हणून पाळण्याच्या मापाचा पुठ्ठा कापा, त्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा आणि चिकट बाजू वर ठेवून आत घाला. पंज्यांना चिकटलेलं मांजराला मुळीच आवडत नाही. दोन-चार उड्यांत ते नाद सोडतं. त्याच खोलीत, पाळण्यापासून दूर, त्याची स्वतःची मऊ जागा करा आणि तिथे बसलं की खाऊ द्या. नुसतं "इथे नको" पुरत नाही, "मग कुठे" तेही दाखवावं लागतं. बाळ यायच्या आधी पुठ्ठा, टेप सगळं काढून टाका. पाळण्यात सपाट, घट्ट गादी आणि चादर एवढंच असावं.

सावधान: मांजर येऊ नये म्हणून पाळण्यावर जाळी ताणू नका. मांजर जाळीवर बसलं की ती बाळावर झुकते, आणि बाळ थोडं मोठं झालं की त्यात अडकू शकतं. खरा उपाय बंद दार हाच आहे.

आणि अवघड तेच आहे. पहिले निदान सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत, पण वेगळ्या पाळण्यात झोपावं असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. तुमचं मांजर आज तुमच्या पायथ्याशी झोपत असेल, तर त्याची रात्रीची जागा बदलावीच लागेल. हे निदान दोन महिने आधी करा. रात्री झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटं दमेपर्यंत खेळवा, लगेच जेवण द्या, दुसऱ्या खोलीत तुमचा वापरलेला टीशर्ट घालून जागा करा, आणि दार लावा.

ते दाराशी ओरडेल. आमची भुरी चौथ्या रात्री पहिल्या रात्रीपेक्षा जोरात ओरडत होती, दाराखालच्या फटीतून एक पंजा आत घालून चाचपत होती. मला रडू आलं, पण दार उघडलं नाही. आधी वाढतं आणि मगच थांबतं, हे ठाऊक असलेलं बरं. चौथ्या रात्री दार उघडलं असतं, तर चार रात्री ओरडलं की दार उघडतं एवढंच ती शिकली असती. नवव्या-दहाव्या रात्री ती आपली आपण तिच्या खोलीत गेली. हेच ओरडणं बाळाला नुकतं झोपवलेलं असताना कानावर आलं असतं तर काय झालं असतं, हे तुम्हीच बघा.

## टप्पा ५: आवाजाची सवय

माणसाला ऐकू येतात त्याहून कितीतरी उंच पट्टीतले आवाज मांजराला ऐकू येतात. बाळाचं टाहो फोडून रडणं त्याला आपल्यापेक्षा वेगळंच जाणवत असणार. ही सवय प्रसूतीच्या सहा ते आठ आठवडे आधी सुरू करा.

१. बाळाच्या रडण्याचं ध्वनिमुद्रण मिळवा. एकच नको, दोन-तीन वेगवेगळी घ्या.
२. मांजराचा सर्वांत आवडता खाऊ फक्त याच कामासाठी राखून ठेवा.
३. आवाज इतका बारीक लावा की तुम्हालाही जेमतेम ऐकू येईल. आधी आवाज, मग खाऊ. आवाज बंद, खाऊ बंद. दोन-तीन मिनिटं पुरेत.
४. दिवसातून एक-दोनदा करा. दोन-तीन दिवस मांजर निवांत राहिलं तरच आवाज एक पायरी वाढवा.
५. खऱ्या रडण्याइतका आवाज झाला की स्पीकर पाळण्याजवळ ठेवून तेच करा.

इथली नेहमीची चूक म्हणजे "ऐकून ऐकून सवय होईल" म्हणून पहिल्याच दिवशी मोठ्याने लावणं. त्याने सवय होत नाही, भीती मात्र पक्की होते. पायरी चुकली हे कसं ओळखायचं? खाता खाता मांजराचं चावणं थांबतं. घास तोंडातच राहतो. कान आधी बाजूला, मग मागे वळतात, आणि शेपटीचं फक्त टोक हलायला लागतं. एवढं दिसलं की लगेच आवाज कमी करा. पळून जाईपर्यंत थांबू नका.

वाजणारी खेळणी, दूध काढायचं यंत्र, बाळाचा झोका यांचीही अशीच ओळख करून द्या. त्याला फार वेळ लागत नाही.

## टप्पा ६: वास

बाळासाठी जो साबण, जी पावडर, जे तेल वापरणार आहात, ते एक-दोन महिने आधीपासून आईने स्वतःच्या हातांना थोडं लावावं आणि मग मांजराला जवळ घ्यावं. ओळखीच्या माणसाच्या अंगावरून आलेला वास मांजराला परका वाटत नाही.

उलट बाजूनेही काम करता येतं. मांजर गाल घासून आपला वास लावतं, ते त्याच्यासाठी "इथे सुरक्षित आहे" असं लिहून ठेवण्यासारखं असतं. मऊ सुती फडकं त्याच्या गालांवरून हलकेच फिरवा आणि बाळाच्या खोलीच्या चौकटीवर, नव्या कपाटाच्या कोपऱ्यावर, मांजराच्या उंचीवर पुसा. भिंतीतल्या सॉकेटला लावायचे फेरोमोनचे (मांजराच्या अशाच खुणेच्या वासाची नक्कल खोलीत सोडणारे) डिफ्यूझर मिळतात, तेही काही मांजरांना शांत करतात. लावायचा असेल तर बाळ यायच्या एक-दोन आठवडे आधी लावा, आणि साधारण महिनाभराने त्यातली बाटली बदला. वरचे टप्पे गाळून नुसता डिफ्यूझर लावला तर फारसा उपयोग होत नाही.

सावधान: "शांत वाटावं" म्हणून सुगंधी तेलं जाळू किंवा फवारू नका. टी ट्री, निलगिरी यांसारखी तेलं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. नवजात बाळाच्या खोलीतही ती नकोतच.

## टप्पा ७: वेळापत्रक आणि माणसं

मांजराचं जेवण, पाणी, लिटर हे सगळं आज एकटी आईच करत असेल, तर महिनाभर आधीपासून ते हळूहळू दुसऱ्याकडे द्या. आधी एक वेळचं जेवण, मग दोन्ही वेळचं. बाळ आल्यावर जी वेळ पाळता येईल अशी खात्री आहे, तीच आत्तापासून ठेवा.

शेवटच्या महिन्यात मांजराला जास्तीत जास्त जवळ घ्यावंसं वाटतं. पुढे वेळ मिळणार नाही याची टोचणी असते. समजण्यासारखं आहे, पण त्याने मांजराचं नुकसानच होतं, कारण दिवसभराची मांडी एका दिवसात शून्यावर येते. त्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं दोरीच्या किंवा पिसाच्या खेळण्याने खेळवा, शेवटी खाऊ द्या, आणि बाळंतपणानंतरही घरातलं कोणीतरी तेवढी वेळ सांभाळेल असं ठरवून टाका.

हाताशी, पायाशी कुस्ती खेळायची सवय असेल तर ती आजपासून बंद. मोठ्या माणसाच्या हलणाऱ्या बोटांवर झडप घालणाऱ्या मांजराला बाळाची हलणारी बोटंही खेळणंच वाटणार.

### हातात तीनच आठवडे असतील तर

सगळं एकदम करू नका. पहिल्या आठवड्यात पशुवैद्य आणि नखं. त्याच दिवसापासून रात्रीचं दार बंद आणि रडण्याचा बारीक आवाज. दुसऱ्या आठवड्यात पाळणा आणि चिकट पुठ्ठा. लिटर बॉक्स आहे तिथेच राहू द्या, तो बाळ दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर हलवा. रांगायला अजून अवकाश असतो.

## टप्पा ८: प्रसूतीचे दिवस

कळा सुरू झाल्यावर मांजराचा विचार कोणीही करू शकत नाही, म्हणून आधीच एक माणूस ठरवा आणि किल्ली त्याच्याकडे देऊन ठेवा. शक्यतो मांजराला घरातच राहू द्या. अनोळखी जागी आठवडा काढून आलेलं मांजर घरी येतं तेच बिथरलेलं. फ्रिजवर एक कागद लावा: काय, किती, किती वाजता, पशुवैद्याचा क्रमांक, कॅरियर (मांजराला न्यायची पेटी) कुठे आहे. खाणं आणि लिटर तीन आठवड्यांचं भरून ठेवा.

बाळ जन्मल्यावर त्याचं वापरलेलं टोपडं किंवा दुपटं कोणाबरोबर तरी घरी पाठवा. ते मांजराच्या नाकाशी धरू नका. त्याच्या आवडत्या जागेपासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवा, शेजारी खाऊ ठेवा आणि बाजूला व्हा. भुरी त्या टोपड्याभोवती दोनदा फिरली, मान लांब करून वास घेतला, तोंड किंचित उघडं ठेवून क्षणभर तशीच थांबली आणि खाऊ खाऊन निघून गेली. तोंड उघडणं म्हणजे चिडणं नव्हे. टाळूतल्या खास अवयवाने मांजर वास तपासतं तेव्हा त्याचा चेहरा असा होतो.

## टप्पा ९: बाळ घरी येतं तो दिवस

क्रम महत्त्वाचा आहे.

१. तुम्ही पोचण्याआधी मांजर त्याच्या खोलीत असावं, पाणी, खाणं, बॉक्स सगळं तिथे. बाळासोबत आलेली माणसं, सामान, उघडी दारं या गर्दीत ते पळून जाऊ शकतं.
२. आईने आधी रिकाम्या हातांनी त्याला भेटावं. बाळ तोवर दुसऱ्या कोणाकडे. इतके दिवस आई दिसलेली नसते, पाच मिनिटं तिची फक्त त्याची.
३. घर शांत झालं, पाहुणे गेले, बाळाचं दूध पिऊन झालं, की मग दार उघडा. आई बाळाला मांडीवर घेऊन बसलेली, शेजारी दुसरं मोठं माणूस.
४. मांजराला यायचं तर येऊ द्या. दारातूनच बघून परत गेलं तरी पहिला दिवस छान झाला.
५. जवळ आलं तर बाळाच्या पायांचा वास घेऊ द्या, हळू आवाजात बोला, खाऊ द्या. दोन-तीन मिनिटांत संपवा.

मांजराला उचलून बाळापाशी नेणं ही सर्वांत मोठी चूक, आणि ती प्रेमापोटीच होते. धरलेल्या मांजराला मागे फिरता येत नाही. त्यात बाळ नेमकं रडलं तर ते नखं रोवून उडी मारतं, आणि कोणाच्या अंगावरून मारेल ते सांगता येत नाही.

सावधान: भेटायला येणाऱ्यांनी आणलेल्या गुच्छात लिली आहे का बघा. खरी लिली आणि डे लिली मांजराला अत्यंत विषारी असतात. अंगावर पडलेले परागकण चाटले, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. लिली दिसली की घराबाहेर. मांजराने तोंड लावल्याची शंका असेल तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडे धावा.

## टप्पा १०: पहिले काही आठवडे

बाळ आणि मांजर खोलीत दोघंच, असं एक मिनिटही होऊ देऊ नका. कॅमेऱ्यातून बघणं म्हणजे जवळ असणं नव्हे.

आता एक चूक, जी चांगल्या हेतूने जवळपास सगळेच करतात. बाळ झोपलं की मांजराला जवळ घेतात, आणि बाळ जागं झालं की बाजूला सारतात. मांजर यातून काय शिकतं? बाळ दिसलं की आपलं सगळं जातं. हे उलटं करा. बाळाला दूध पाजताना शेजारच्या खुर्चीवर मांजराची चादर घाला आणि हाताशी खाऊची डबी ठेवा. बाळ आलं की खाऊ येतो, असं त्याला वाटू द्या. बाळ झोपलेलं असताना उलट साधंच राहा.

बाळाच्या वस्तूंतल्या काही मांजराच्या जिवावर उठणाऱ्या असतात. बाटलीची निपल, हातमोज्यांची नाडी, भेटवस्तूंची रिबीन, केसांचं रबर गिळलं तर आतडं अडकतं. दोरा किंवा रिबीन तोंडातून किंवा मागून लोंबत दिसली तर ओढू नका, आतडं आतून कापलं जाऊ शकतं. पॅरासिटामॉलचा थोडा अंशही मांजराला मारू शकतो. जीवनसत्त्व ड चे थेंब, लंगोटाच्या जागी लावायचं झिंकचं मलम, हे सगळं झाकणबंद आणि कपाटात.

पशुवैद्याला कधी गाठायचं?

- बोका पुन्हा पुन्हा बॉक्सात बसतोय, कण्हतोय, पण लघवी होत नाही: त्याच तासाला. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.
- २४ तास काहीच खाल्लेलं नाही: फोन करा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते, आणि जाड मांजरांना हा धोका जास्त.
- बॉक्सबाहेर लघवी, एकाच जागी सतत चाटून केस गेलेले, दोन दिवसांहून जास्त लपून बसणं: भेटीची वेळ घ्या. हट्टीपणा समजू नका.

बॉक्सबाहेर लघवी झाली तर एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. अमोनियाचा वास असलेल्या द्रव्याने पुसलं तर मांजर पुन्हा तिथेच करतं. ओरडणं, मारणं, नाक घासणं यांनी भीती वाढते आणि लघवीही वाढते.

मांजर एकदम फेंदारलं, डोळे मोठे, कान चपटे, तर उचलायला जाऊ नका. बाळाला घेऊन बाहेर या, दार लावा, अंधार करा आणि काही तास एकटं सोडा. बाळाला ओरखडा किंवा चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, ओरखडा कितीही बारीक असला तरी.

## टप्पा ११: बाळ रांगायला लागतं तेव्हा

ज्या घरांत पहिले सहा महिने सुरळीत गेले, तिथे गाडी इथे अडते, कारण सगळे निर्धास्त झालेले असतात. आजवर एका जागी पडलेलं बाळ आता मांजराच्या मागे येतं, आणि हाताला लागेल ते मुठीत पकडतं.

बाळ जमिनीवर यायच्या आधी, साधारण सहाव्या महिन्यात, मांजराच्या पातळीवर बसून घर बघा. प्रत्येक खोलीत त्याला बाळाच्या हातून सुटायला वाट आहे का? लिटर बॉक्सच्या खोलीला असं फाटक लावा की खालच्या फटीतून किंवा वरून उडी मारून मांजर जाईल, बाळ जाणार नाही. खाण्याची भांडी उंचावर न्या, इथेही आधी नवं भांडं वर आणि मग जुनं बंद, हाच क्रम. मांजर म्हातारं असेल, उडी झेपत नसेल, तर फाटकाच्या आतच खाली ठेवा.

बाळाला शिकवायचं ते तुमच्या हाताने. त्याची मूठ उघडा, तळहात सपाट करा, तुमच्या हाताखाली धरून मांजराच्या पाठीवरून एकदाच, मानेकडून खाली फिरवा आणि उचला. शेपूट, पोट, मिशा नाहीत. मग थांबा. मांजर तिथेच राहिलं किंवा डोकं पुढे केलं, तर आणखी एकदा. उठून गेलं, तर त्याच्याकडे बोट दाखवून बाळाला हळू आवाजात सांगा, "ती दमली, झोपायला चालली," आणि दोघांपैकी कोणालाही परत आणू नका.